बोट पाण्यात असावी का?

यॉट-शर्यतीच्या चाहत्याला "काय, कशी झाली शर्यत?" असं कधी विचारू नये. शर्यत कशी झाली हे तो सांगत नाही. ती कशी व्हायला हवी होती, हे सांगतो. क्रिकेटवेडा माणूस आपल्या संघावर चिडतो, निवड समितीवर चिडतो, पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण क्रिकेटवर त्याचा राग नसतो. (टी-ट्वेंटीला नावं ठेवणारे आहेत, पण तेही शेवटचा चेंडू पडेपर्यंत टीव्हीसमोरून उठत नाहीत.) यॉटवाल्याचा राग मात्र थेट बोटीवर असतो. तिचा आकार, तिचं शीड, तिच्यावरचे खलाशी, त्या खलाशांच्या डोक्यावरची हेल्मेटं, काहीच त्याच्या मनासारखं नसतं. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे ही बोट पाण्यात नसते.

हे शेवटचं जरा फोड करून सांगायला हवं. 'अमेरिकाज कप' ही शिडाच्या बोटींची सगळ्यात नामांकित आणि सगळ्यात भांडखोर स्पर्धा. ती गेल्या खेपेला २०२४ मध्ये बार्सिलोनाला झाली. तिथल्या बोटींना 'एसी-७५' म्हणतात. लांबी ७५ फूट, वजन साडेसहा टनांच्या आसपास आणि डोलकाठी साडेसव्वीस मीटर, म्हणजे आठ-नऊ मजल्यांएवढी. बोटीच्या दोन्ही अंगांना एकेक लांब हात आणि हाताच्या टोकाला पंख. त्याला फॉइल म्हणायचं. चालताना एक हात पाण्यात असतो, दुसरा वर हवेत धरलेला असतो. मागे सुकाणूच्या खालच्या टोकालाही आडवा पंख असतो. वारा बरा लागला की हे अख्खं धूड पाण्यातून वर उठतं आणि तेवढ्या दोन टेकूंवर, पाण्याला पोटही न लावता, चाळीस नॉटने पळत सुटतं. पन्नासचा आकडाही या बोटींनी ओलांडलेला आहे. पन्नास नॉट म्हणजे ताशी ९२ किलोमीटर. ढकलायला इंजिन नाही, सगळा कारभार वाऱ्यावर. आणि वारा मात्र त्याच्या निम्म्यानेही वाहत नसतो.

पोट पाण्याला टेकलं की वेग कोसळलाच. तेव्हा जलक्रीडेचा हा असा प्रकार आहे, की ज्याला पाणी लागलं तो हरला.

यावर चाहत्यांत उभी फूट आहे. इंग्लंडात काउझला किंवा अमेरिकेत न्यूपोर्टला क्लबच्या सज्जात बसणारा जुना चाहता म्हणतो, ही बोट नाही, विमान आहे. नवा चाहता म्हणतो, मग तर आणखी चांगलं. जुन्याचं म्हणणं सविस्तर ऐकण्यासारखं असतं, कारण तो ते सविस्तरच सांगतो. पूर्वी वाऱ्याच्या दिशेने वळण घेतलं की स्पिनेकर उघडायचं. हे पुढचं मोठं, फुगीर, रंगीत शीड. ते चढवायला सहा-सात माणसं बोटभर धावायची, दोरी नेमकी अडकायची, शीड पाण्यात जायचं, कप्तान शिव्या द्यायचा. हे बघायला लोक दुर्बिणी घेऊन यायचे. आता शीड बदलायचं कारणच उरलेलं नाही. बोट वाऱ्याहून जोरात जाते; त्यामुळे वारा मागून वाहत असला तरी बोटीवरच्या माणसाच्या तोंडावरच येतो. अशा वाऱ्यात फुगीर शीड उघडलं तर ते ब्रेकचं काम करील. म्हणून स्पिनेकर गेलं. त्याच्याबरोबर शिव्या गेल्या, आणि जुन्या चाहत्याच्या मते खेळातलं साहित्यच गेलं.

खलाशीही दिसेनासे झाले. बार्सिलोनाच्या बोटींवर आठ माणसं होती आणि आठही जण दोन्ही कडांच्या खाचांत हेल्मेट घालून रुतलेले. कॅमेऱ्याला दिसायचा तो टाळूचा भाग. त्यात सुकाणूवर दोघे, एक डावीकडे, एक उजवीकडे. पूर्वी सुकाणूवाला बोट वळली की या बाजूचा त्या बाजूला जायचा; आता एवढ्या वेगात उठून पलीकडे जाणं परवडत नाही, म्हणून दोन्हीकडे एकेक माणूस कायमचा बसवला आहे. एका बोटीला दोन सुकाणूवाले म्हटल्यावर जुन्या चाहत्याला जो ठसका लागतो, तो पाणी पिऊनही जात नाही.

नव्या चाहत्याला माणसांशी काही देणंघेणं नसतं. तो आकाराचा भोक्ता. त्यातले बरेच जण उभ्या आयुष्यात बोटीत चढलेले नसतात; समुद्र म्हटला की त्यांना कॉम्प्युटरवर रंगीत रेघांनी काढलेला पाण्याचा प्रवाह आठवतो. आमच्या ओळखीचा पुण्यातला एक अभियंता या पंथाचा. शर्यत चालू असताना तो चित्र थांबवतो. मी म्हणतो, "अरे, पुढे काय झालं ते बघू दे की!" तो म्हणतो, "पुढे काही का होईना, हे पोट बघा." मग पोटाखालून निघालेला उंचवटा, तो पाण्याच्या किती जवळून जातो, त्यामुळे शिडाखालची हवा पलीकडे कशी निसटत नाही, यावर व्याख्यान होतं. पन्नास नॉटच्या पलीकडे गेलं की पंखाच्या पाठीवर दाब इतका उतरतो, की थंडगार पाणी जागच्या जागी उकळायला लागतं आणि पंखाची पकड सुटते, हे त्यानेच मला सांगितलं. ते खरं आहे आणि थरारक आहे, हे मला मान्य. पण तोवर तिकडे इटलीची बोट जिंकून धक्क्याला लागलेली असते.

या आकारवेड्यांसाठी बार्सिलोनाच्या वेळी एक सोय झाली होती, जी मला फार आवडली. प्रत्येक संघाच्या सरावावर नजर ठेवायला अधिकृत निरीक्षक नेमले होते. ते रोज फोटो काढायचे आणि सगळ्यांसाठी खुले करायचे. म्हणजे हेरगिरी बंद होत नाही म्हटल्यावर ती नियमात बसवून टाकली, वर खर्चही वाचवला. याची गंमत कळायला १९८३ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियाची 'ऑस्ट्रेलिया टू' ही बोट न्यूपोर्टला आली. शिडाच्या बोटीखाली जो जड कणा असतो, त्याला कील म्हणतात. ऑस्ट्रेलियावाल्यांनी बोट पाण्याबाहेर काढली की त्या कीलभोवती कनात लावायला सुरुवात केली. झालं! अख्खं न्यूपोर्ट त्या कनातीत काय दडलंय या एकाच प्रश्नाने पछाडलं. प्रतिस्पर्धी संघाचा एक पाणबुड्या कॅमेऱ्यासह पकडला गेला. आत होती बेन लेक्सन यांची पंख लावलेली उलटी कील, वर अरुंद आणि खाली रुंद. न्यूयॉर्क यॉट क्लबने आधी ती बेकायदा ठरवायचा प्रयत्न केला. मग ती ऑस्ट्रेलियन माणसाने केलीच नाही, डच तंत्रज्ञांनी केली, असंही म्हणून पाहिलं. (तो वाद अजून मिटलेला नाही. चाहत्यांनी तो जिवापाड जपून ठेवला आहे.) शेवटी ऑस्ट्रेलियाने ४-३ ने शर्यत मारली आणि क्लबकडे १३२ वर्षं असलेला चषक गेला. चषक टेबलाला बोल्टने आवळून ठेवलेला होता. तो सोडवायची वेळ कधी येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. तिकडे ऑस्ट्रेलियात पंतप्रधान बॉब हॉक यांनी टीव्हीवर जाहीर केलं, की आज कामावर आला नाही म्हणून जो कुणाला काढील तो मालक नालायक. आणि जुने चाहते काय म्हणाले? बोटीच्या पोटाखाली पंख? ही बोट नाही, विमान आहे!

हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात, कारण याची जुनी आवृत्तीही सापडते. २२ ऑगस्ट १८५१ ला आइल ऑफ वाइट या बेटाभोवती शर्यत झाली. तिच्यात 'अमेरिका' नावाची एक बोट न्यूयॉर्कहून येऊन उतरली. त्या काळी चांगल्या इंग्लिश बोटीचं एक ठरलेलं रूप होतं आणि तिकडचे लोक त्याला कॉडचं डोकं आणि बांगड्याची शेपूट म्हणत. पुढे गुबगुबीत, मागे निमुळती. आपल्याकडच्या माणसाला बांगड्याबद्दल काही सांगायला नको. 'अमेरिका' पुढे धारदार आणि पोट मागे सरकलेली, म्हणजे मासा उलटा धरल्यासारखी. तिची शिडंही यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची, ताठ आणि सपाट. इंग्लिश शिडं तागासारख्या जवसाच्या धाग्याची, पोक काढून लोंबणारी. 'अमेरिका' जिंकली. सांगतात की एका वयोवृद्ध उमरावाने तिच्या मागच्या कडेवरून इतकं ओणवून पाहिलं, की तो पाण्यातच पडायचा. त्याला खात्री होती की खाली कुठेतरी पंखा लपवलेला आहे. शिवाय बोट एका दीपनौकेच्या आतल्या बाजूने गेली म्हणून तक्रारही झाली. सूचना दोन वेगवेगळ्या निघाल्या होत्या, म्हणून ती टिकली नाही. पण बघा, पहिल्याच दिवशी सगळा मालमसाला तयार होता: ही बोट नव्हेच, आत यंत्र आहे, आणि मार्ग चुकीचा घेतला.

त्या दिवशी मिळालेला चांदीचा घडा म्हणजेच हा चषक. स्पर्धेचं नाव देशावरून नाही, त्या बोटीवरून पडलेलं आहे. घड्याला तळ नाही, त्यात काही ओतून पिता येत नाही. त्यापायी ज्यांनी पैसा ओतला त्यांचाही अनुभव तसाच आहे. सर थॉमस लिप्टन, आपल्या ओळखीच्या चहावाले तेच, यांनी १८९९ ते १९३० या काळात 'शॅमरॉक' नावाच्या पाच बोटी एकामागून एक बांधल्या, पाच वेळा आव्हान दिलं आणि पाचही वेळा हरले. काउझच्या सगळ्यात खानदानी क्लबने चहा विकणाऱ्या माणसाला आयुष्याच्या संध्याकाळपर्यंत सभासद करून घेतलं नाही. बिचाऱ्यांनी आव्हान दिलं ते अल्स्टरच्या क्लबतर्फे. पण अमेरिकन जनता त्यांच्या हरण्यावर इतकी लुब्ध झाली, की शेवटी वर्गणी काढून त्यांना सोन्याचा चषक दिला. चहाही अमेरिकेत चांगला खपला. या सबंध इतिहासात पैसे वसूल झालेला मला तरी हा एकच माणूस दिसतो.

इंग्लिश चाहत्याची जात यामुळे वेगळीच घडली आहे. १८५१ पासून इंग्लंडने हा चषक एकदाही जिंकलेला नाही. २०२४ मध्ये बेन एन्सली यांची बोट अंतिम लढतीत पोहोचली, तीच १९६४ नंतर पहिल्यांदा. आणि तिथे न्यूझीलंडकडून ७-२ ने हरली. पण इंग्लिश माणूस हरल्यावर हळहळत नाही. दोन शर्यती जिंकल्या, हे तो शांतपणे, हवामानाच्या बातमीसारखं सांगतो.

खरा हळवा चाहता न्यूझीलंडचा. माझा एक भाचा ऑकलंडला आहे. गेला तेव्हा त्याला पोहताही येत नव्हतं. आता फोनवर "मामा, आपण जिंकलो" असं म्हणतो तेव्हा 'आपण' म्हणजे न्यूझीलंड हे मला समजून घ्यावं लागतं. १९९५ मध्ये संघप्रमुख पीटर ब्लेक शर्यतीत लाल मोजे घालायचे, तर देशातल्या माणसांनी लाल मोजे विकत घेतले आणि चषक जिंकला. इतक्या स्वस्तात देशभक्ती करता येते हे पाहून मला त्या देशाचा हेवा वाटतो. पण पुढचं दुःख फार महाग पडलं. त्यांचा जगज्जेता सुकाणूवाला रसेल कूट्स चषक जिंकून, राखून, स्वित्झर्लंडकडे गेला. होय, स्वित्झर्लंड. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, त्या देशाच्या 'अलिंगी' संघाने २००३ मध्ये ऑकलंडला येऊन न्यूझीलंडला ५-० ने धुतलं. पहिल्या शर्यतीत न्यूझीलंडच्या बोटीत पाणी शिरलं आणि जगातले नावाजलेले खलाशी टीव्हीवर सर्वांसमक्ष बादल्यांनी पाणी उपसत होते. चौथ्या शर्यतीत डोलकाठीच मोडली.

यानंतर २०१३. सॅन फ्रान्सिस्को. तिथली दुपार म्हणजे आपली रात्रीची पावणेदोनची वेळ, म्हणून हा इतिहास मी दिवे बंद करून, आवाज मिटवून पाहिला आहे. न्यूझीलंड ८-१ ने पुढे. नऊ झाले की चषक. अमेरिकेच्या 'ओरॅकल' संघाला तर आधीच्या लबाडीबद्दल दोन गुण दंड झालेला, म्हणजे त्यांना दोन शर्यती जास्तीच्या जिंकायच्या. तेराव्या शर्यतीत न्यूझीलंड इतकं पुढे होतं, की समालोचकांनी कौतुकाची भाषणं सुरू केली होती. पण वारा पडला होता आणि नियम असा, की चाळीस मिनिटांत शर्यत संपली नाही तर ती रद्द. न्यूझीलंडची बोट शेवटच्या टप्प्यात डुलत डुलत येत होती आणि घड्याळ पुढे निघून गेलं. शर्यत रद्द! पुन्हा घेतली, ती ओरॅकलने जिंकली. मग पुढचीही, त्याच्या पुढचीही. शेवटी ९-८. अमेरिकेचा विजय म्हणायचा, तर कप्तान जिमी स्पिटहिल ऑस्ट्रेलियन, डावपेच आखणारा एन्सली इंग्लिश, वर संघाचा कारभारी तोच तो रसेल कूट्स. बोटीवर अमेरिकन माणूस औषधालाच. भाच्याने त्या दिवशी फोन उचलला नाही. दोन दिवसांनी त्याचाच आला. म्हणाला, "मामा, वाऱ्याच्या खेळात घड्याळ कशाला लागतं हो?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पुढे न्यूझीलंडने याचा बदला बर्म्युडाला २०१७ मध्ये घेतला, तोही पायांनी. या बोटींची शिडं आणि फॉइल हलवायला तेलाच्या दाबाची यंत्रणा असते आणि तो दाब माणसांनी निर्माण करायचा असतो. इतर संघांचे पैलवान हातांनी दांडे फिरवत होते. न्यूझीलंडवाल्यांनी विचार केला, की माणसाचे पाय हातांपेक्षा दणकट. त्यांनी बोटीवर सायकलची पेडलं बसवली आणि ऑलिंपिकमधला सायकलपटूही आणून बसवला. आधी सगळे हसले, मग ओरॅकलनेही घाईघाईने पेडलांचं एक ठाणं बसवून घेतलं. न्यूझीलंड ७-१ ने जिंकलं. जुन्या चाहत्याने टाहो फोडला: ही शिडाची शर्यत की सायकलची? त्याला कुणी सांगितलं नाही, की १९७७ मध्येच स्वीडनच्या बोटीवर पेडलं होती. पुढच्या, २०२१ च्या स्पर्धेत पेडलांवर बंदी आली. २०२४ मध्ये बंदी उठली आणि झाडून सगळ्या संघांनी सायकलपटू नि वल्हेकरी गोळा केले. आता पुढच्या खेपेला पेडलं जाऊन त्या जागी बॅटरी येणार आहे. तर आता जुन्या चाहत्याची तक्रार ऐकावी. "बॅटरी? निदान सायकलवाले घाम तरी गाळत होते!" ज्या सायकलला त्याने सात वर्षं नाकं मुरडली, तीच आता परंपरा झाली. एसी-७५ चे ते मोठे हात पहिल्यापासून बॅटरीवरच वर-खाली होत आले आहेत, पण हे त्याला सांगायची सोय नाही. रक्तदाब वाढतो.

कोर्टकचेऱ्यांबद्दल मी थोडक्यात आवरतं घेतो, कारण त्या थोडक्यात आवरत नाहीत. चषकाच्या दानपत्रात ही देशादेशांतली मैत्रीची स्पर्धा असावी असं लिहिलेलं आहे, आणि त्या मैत्रीचा अर्थ लावायला न्यूयॉर्कची न्यायालयं लागतात. १९८८ मध्ये न्यूझीलंडने दानपत्र बारकाईने वाचून एक अवाढव्य बोट आणली, तर अमेरिकेने ते त्याहून बारकाईने वाचून दोन पोटांची चिमुकली कॅटामरान आणली. कॅटामरानने लीलया मारलं. मग दोन वर्षं वकील शर्यत खेळले. २००७ नंतर स्वित्झर्लंडने आव्हानवीर म्हणून एका स्पॅनिश क्लबला पुढे केलं. त्या क्लबने वार्षिक शर्यत म्हणून एकही भरवलेली नव्हती. तेही प्रकरण कोर्टातच गेलं. आपल्याकडच्या जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला यात नवं काही दिसणार नाही.

एवढं सगळं असूनही माझं मत नव्या बोटींच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण २०२१ मधली ऑकलंडची आठवी शर्यत. न्यूझीलंड विरुद्ध इटलीची 'लूना रोसा'. वारा हलका. न्यूझीलंडची बोट इटलीच्या शिडाआडच्या मेलेल्या हवेत सापडली आणि पाण्यात बसली. क्षणापूर्वी उडणारी ती चीज घाटात बंद पडलेल्या एसटीसारखी आडवी पडून राहिली. आठ-नऊ मजली डोलकाठी, जगातले निवडक अकरा लोक, आणि कुणालाच काही करता येईना. बोट उठवायला वेग हवा आणि वेग यायला बोट उठायला हवी. इटली मिनिटामिनिटाने पुढे गेली; चार मिनिटांच्या वर आघाडी. इटालियन समालोचकांचा आनंद गगनात मावेना. आणि वळणावर लूना रोसाही बसली. आता दोघी पाण्यात! कुणाकडे कसलंच यंत्र नाही, तंत्र नाही. १८५१ मधल्यासारखं तोंड वर करून वाऱ्याची वाट बघायची. न्यूझीलंडला आधी एक झुळूक सापडली, ती उठली, आणि जवळजवळ चार मिनिटांच्या फरकाने जिंकली. मी जुन्या पंथाच्या एका निवृत्त कप्तानकाकांना हे कौतुकाने सांगितलं. हे मर्चंट नेव्हीतले, आयुष्य डिझेलवर काढलेले, पण शिडाचे कट्टर. ते म्हणाले, "अहो, म्हणजे तुम्हाला ती बोट पाण्यात बसली तेव्हाच आवडली ना?" यावर मी चहा मागवला.

नुसत्या वेगाचं मला फारसं आकर्षण नाही. वेगाच्या नादाचं टोक म्हणजे 'सेलरॉकेट टू'. २०१२ मध्ये नामिबियाच्या वॉल्विस बे इथे पॉल लार्सन यांनी ती पाचशे मीटरवर सरासरी ६५.४५ नॉटने, म्हणजे ताशी १२१ किलोमीटरने हाकली. ती फक्त एका बाजूच्या वाऱ्यावर चालते. परत यायचं झालं की दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागते. किंवा 'सेलजीपी' मालिकेतल्या पन्नास फुटी उडत्या बोटी बघा. २०२२ मध्ये सेंट-ट्रोपेला फ्रान्सच्या बोटीने ताशी ९९.९४ किलोमीटर गाठले. चाहत्यांनी अभिनंदन केलं ते ९९.९४ चं नाही. उरलेल्या सहा शतांशांचं काय झालं यावर चर्चा रंगली. पुढे शंभर ओलांडले गेले, तेव्हा ती चर्चा बंद पडली आणि कुणाला फार मजाही वाटली नाही.

कप्तानकाकांचा देव दुसरीकडेच आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली 'म्हादेई', तिच्यातून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे, आणि मग त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून २०१३ मध्ये मुंबईला परतलेले अभिलाष टॉमी. टॉमी पुढे 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. तिचा नियमच असा, की बोट जुन्या आराखड्याची, कील लांब, आणि मार्ग सेक्स्टंट लावून सूर्य-ताऱ्यांवरून काढायचा. २०१८ मध्ये वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला. माणूस बरा झाला, पुन्हा गेला, आणि २०२३ मध्ये दुसरा आला. या शर्यतीचा चाहता काय बघतो? नकाशावरचा ठिपका. आठ महिने. काका रोज सकाळी ठिपका बघायचे आणि "आज बरा सरकलाय" म्हणून आंघोळीला जायचे. उडत्या बोटीतला मजकूर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, ही त्यांची तक्रार मला खोडता आलेली नाही. ती खोडायची गरजही नाही. समुद्र दोघांना पुरून उरेल एवढा आहे.

माझी तक्रार एकच, आणि ती फुकट आहे. बोट खुशाल उडवा, फक्त माणसं खाचेतून वर काढा. पोटाचा आकार अभियंत्याने बघावा, मला चेहरे हवेत. चुकल्यावर खलाशाचं तोंड कसं होतं, हे दिसलं नाही तर ती चूक नुसती आकड्यात राहते.

पुढची स्पर्धा २०२७ च्या उन्हाळ्यात, इटलीत नेपल्सला आहे. चषक न्यूझीलंडकडे असून शर्यत पुन्हा परदेशात, म्हणून भाचा खवळलेला आहे. त्यातून त्यांचा सुकाणूवाला पीटर बर्लिंग आता लूना रोसाकडे गेला आहे, म्हणून दुप्पट खवळलेला आहे. बार्सिलोनाचीच वेळ धरली, तर नेपल्सची दुपार म्हणजे आपली साडेपाचची वेळ, आणि दिवस इथे पावसाचे. बाहेर कुठे जाता येत नाहीच. ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नसेल त्यांनी अवश्य पाहावी, आणि पहिल्या पाच मिनिटांत "ही कसली बोट!" असं वाटलं तर खुशाल मोठ्याने म्हणावं. चाहता व्हायला तेवढी पात्रता पुरते.